चिखलाची वार्ता

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मंगळवार पेठेतील एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याला मी जे उत्तर दिले ते चुकीचे होते असे आता मला वाटू लागले आहे. प्रश्न दिसावयास अगदी क्षुल्लक होता. सायकलच्या टायरवरून तो निघाला, आणि ज्या प्रसंगात तो निघाला त्यात कोणाचा जीव गेला नाही की कोणाचे घर बुडाले नाही. परंतु नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जे प्रश्न भारदस्त नावे धारण करून बसलेले असतात, ते व्यवहारात बहुधा असल्याच साध्या वेषात येतात. आणि दारात उभा असलेला पाहुणा ओळखू न आल्यामुळे त्याला परत लावून देण्याची चूक माझ्या हातून झाली.

हकीकत अशी. पेठेत सायकली दुरुस्त करण्याचे एक जुने दुकान आहे. पूर्वी तेथे तासाच्या भाड्याने सायकली मिळत. अलीकडे शर्यतीच्या सायकलींचा नाद असलेले पाचसात तरुण संध्याकाळी तेथे जमतात. त्यांपैकी दोघांची ही गोष्ट. एक माझ्या शेजारच्या घरातला, महाविद्यालयात शिकणारा. दुसरा दोन गल्ल्यांपलीकडच्या सुताराचा मुलगा, बापाच्या हाताखाली काम करून सवडीने सराव करणारा. दोघांचा सराव एकत्र चाले, एकाचे पंक्चर दुसरा काढी. दोघांनीही राधानगरीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवरून होणाऱ्या एका शर्यतीत नाव घातले होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी माझ्या शेजाऱ्याचा मुलगा मुद्दाम जाऊन वाट पाहून आला. तिचा पहिला मोठा भाग तांबड्या मुरमाचा होता. मुरूम दबून बसलेला, पाणी निथळून गेलेले. पुढे नदीकाठच्या उसाच्या रानांतून दोनतीन किलोमीटरांची एक पाणंद लागत होती, आणि ती आधीच्या रात्रीच्या पावसाने काळ्या राडीने भरून गेली होती.

संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा सुताराचा मुलगा दोन जोड टायर पुढे ठेवून बसला होता. एक जोड त्याचा स्वतःचा, मधोमध जवळजवळ गुळगुळीत, वेगाचा. दुसरा कोणाकडून तरी मागून आणलेला, उंच आणि विरळ दातांचा. त्याने विचारले, “वाट कशी हाय रं?” ह्याने उत्तर दिले, “चांगली हाय की. मुरूम बसलाय.” एवढेच संभाषण. सुताराच्या मुलाने गुळगुळीत टायर चढविले. दुसऱ्या दिवशी पाणंदीत शिरताच शंभर-दीडशे पावलांत त्याच्या चाकाभोवती चिखलाचा दुसरा टायर तयार झाला. तो चिमट्यात दाटला आणि चाक फिरेनासे झाले. त्याने तसाच जोर लावला तेव्हा मागच्या गिअरला धरून ठेवणारा हूक मोडून गिअर आऱ्यांत अडकला. उरलेली वाट तो सायकल खांद्यावर घेऊन चालला. माझ्या शेजाऱ्याचा मुलगा तिसरा आला. बक्षीस घेऊन तो घरी आला खरा, पण दोन दिवसांनी संध्याकाळी माझ्याकडे येऊन, इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, एकदम म्हणाला, “काका, मी खोटं बोललो काय?”

मी म्हणालो, “नाही.” आणि वर असेही म्हणालो की, शर्यत ती शर्यत, त्याला पाहिजे होते तर त्यानेही वाट पाहून यावयाचे होते. मुलाचे समाधान झालेले दिसले नाही, परंतु वडील माणसाने दिलेले उत्तर म्हणून त्याने ते घेतले आणि तो गेला. त्या उत्तराचा हिशेब आज मला करावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम टायरची निवड ही काय वस्तू आहे हे थोडे पाहिले पाहिजे. ह्या शर्यतींना जी सायकल वापरतात तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. दिसावयास ती डांबरी रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलसारखीच, मुठी तशाच खाली वळलेल्या. पण तिच्या चिमट्यात जागा अधिक ठेवलेली असते, आणि 40 मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद टायर तीत बसतो. कोरड्या, टणक वाटेवर निवड सोपी असते. नक्षी बारीक असावी, मधला भाग गुळगुळीत असावा, हवा बेताची असावी. चिखल आला म्हणजे मात्र शहाण्या लोकांतही दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, टायर अरुंद घ्या. तो वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचेल आणि तेथे पकड घेईल. दुसरा म्हणतो, रुंद घ्या. तो बुडणार नाही, चिखलावरून तरत जाईल. दोन्ही पक्ष खरे आहेत, आणि त्यांपैकी कोणाचे ऐकावे हे ह्यावर अवलंबून आहे की, खाली घट्ट जमीन आहे किंवा नाही, आणि असल्यास किती खोल आहे. रुंद टायर घेतला तर चिमटा आणि टायर ह्यांमधील फट कमी होते, आणि चिकट चिखलात बोटभर फट हीच सर्वांत मोलाची वस्तू ठरते. टायरच्या अंगावरील रबरी दाते उंच आणि एकमेकांपासून दूर असले तर फिरता फिरता चिखल झटकला जातो. दाट असले तर तो त्यांच्यामध्ये बसून राहतो आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. परंतु तेच उंच विरळ दाते मुरमाच्या वाटेवर सबंध वेळ गुरगुरत राहून पायांतील जोर खातात. हवा कमी ठेवावी तर पकड वाढते, पण दगडावर आपटून रिम ठेचण्याची भीती. पुष्कळ जण पुढे पकडीचा आणि मागे वेगाचा टायर लावतात. कारण मागचे चाक घसरले तर क्षणभराचा वेग जातो, पुढचे घसरले तर स्वारच जमिनीवर येतो. मधला, सर्वांस पुरणारा टायर घ्यावा हा सल्लाही दुकानात नेहमी मिळतो, आणि तो घेणारा दोन्ही ठिकाणी थोडा थोडा पस्तावतो.

ह्यात मातीचा प्रश्न आमच्या भागात विशेषच बिकट आहे. कोल्हापूर हे दोन मातींच्या सीमेवर वसलेले शहर आहे. पश्चिमेस पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी ह्या बाजूंना चढत गेले की तांबडी, जांभ्याची माती लागते. तीत लोह व अल्युमिनियम ह्यांचा अंश मोठा, आणि पाणी तीतून लवकर निथळते. ती ओली झाली म्हणजे वरून निसरडी होते, परंतु चाकाला फारशी धरत नाही. पूर्वेस हातकणंगले, शिरोळकडे उतरत गेले की काळी जमीन. ह्या काळ्या मातीतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो, उन्हाळ्यात आकसून जमिनीस भेगा पाडतो, आणि पावसाळ्यात ज्याला शिवेल त्याला सोडीत नाही. शिवाय पश्चिमेकडेही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या नद्यांच्या काठाकाठाने मळीच्या जमिनी आणि उसाची राने आहेतच. ह्या नद्या जेथे एकत्र होऊन पंचगंगा बनते त्या गावाचे नाव प्रयाग चिखली, आणि त्या नावात चिखल ऐकू यावा हे मला नेहमीच यथार्थ वाटत आले आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत त्या गावाने पाणी आणि चिखल दोन्ही पुरते पाहिले. सांगावयाचे ते हे की, मंगळवार पेठेतून निघालेल्या सायकलस्वारास एका सकाळीत दोन्ही माती भेटू शकतात, आणि टायर मात्र घरीच चढवावा लागतो.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात म्हटले आहे की, मनुष्य विचारविनिमय करतो तो साध्यासंबंधी करीत नाही, साधनांसंबंधी करतो. आणि जेथे नियम पक्के बसलेले नाहीत तेथेच अधिक करतो. त्याने उदाहरण नौकानयनाचे दिले आहे. चिखलातील टायर हे त्या उदाहरणाच्या शेजारी बसण्यास योग्य आहे. येथे विचार करून निवड करावयाची म्हणजे ज्ञान पाहिजे. आणि ते ज्ञान दोन प्रकारचे आहे हे मला त्या दिवशी सुचले नाही. कोणता टायर कोणत्या चिखलात कसा वागतो हे एक ज्ञान. उद्याच्या वाटेवर चिखल आहे किंवा नाही, आणि आहे तो कोणता, हे दुसरे. पहिले वर्षानुवर्षांच्या सरावाने, चुका करून, पैसे खर्चून मिळते. दुसरे केवळ जाऊन पाहिल्याने मिळते, आणि उद्या दुपारी ते सर्वांना मिळणारच असते. सुताराच्या मुलाजवळ पहिले ज्ञान भरपूर होते. दोन टायर पुढे ठेवून तो बसला होता ह्यातच ते दिसते. त्याला फक्त दुसरे हवे होते.

आता, माझ्या शेजाऱ्याचा मुलगा खोटे बोलला काय? शब्दांपुरते पाहू गेल्यास नाही. मुरूम बसला होता, वाट चांगली होती. फक्त सगळी वाट चांगली नव्हती. ह्या जातीच्या सत्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा द्रोणपर्वात आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला; धर्मराजाने द्रोणास अश्वत्थामा मेल्याचे सांगितले आणि हत्ती हा शब्द ऐकू येणार नाही असा उच्चारला. त्या क्षणापर्यंत धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वरून चालत असे, आणि त्या उत्तरानंतर त्याची चाके जमिनीस टेकली. टीकाकार ह्या कथेत शिक्षा पाहतात. मला तीत दुसरेही काही दिसते. त्याच्या चाकांना तोपर्यंत माती माहीत नव्हती; अर्धसत्य बोलून तो इतरांच्याच मातीवर उतरला आणि इतरांसारखा चिखलात रुतण्यास पात्र झाला. कर्णाच्या रुतलेल्या चाकाची कथाही येथे कोणास आठवेल. पण कर्णाने धर्माची आठवण चाक रुतल्यावर केली, आणि आमचा प्रश्न चाक रुतण्यापूर्वीचा, आदल्या संध्याकाळचा आहे.

तेव्हा अर्धसत्याचा दोष मुलाच्या माथी आहे, आणि मी ‘नाही’ म्हणालो ते चुकलेच. तथापि एवढे कबूल करून हे प्रकरण संपत नाही. समजा, त्याने असे उत्तर दिले असते की, “तुझं तू बघून ये, मी सांगणार न्हाई.” मग त्यात असत्य काहीच उरले नसते. मग तो निर्दोष ठरला असता काय? खरा पेच येथे आहे, आणि तो फार जुना आहे.

सिसेरोने इ. स. पूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटाच्या व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. ऱ्होड्समध्ये दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या मोलाने विकले जात आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून गलबतभर धान्य घेऊन येतो. येताना त्याने वाटेत आणखी पुष्कळ धान्याची गलबते ऱ्होड्सकडेच येताना पाहिली आहेत. हे त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने आपले धान्य विकून मोकळे व्हावे? बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. कायद्याने जेवढे सांगणे प्राप्त आहे तेवढे सांगितले की पुरे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, मनुष्यमात्र एका समाजाचे घटक आहेत. एकाचे हित ते सर्वांचे हित, तेव्हा सर्व सांगितलेच पाहिजे. सिसेरोने आपला कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला.

मी त्या मुलाला उत्तर दिले ते नकळत डायोजिनिसचेच होते. आणि डायोजिनिसचा पक्ष अगदीच टाकाऊ आहे असे मी आजही म्हणणार नाही. शर्यत म्हणजे दुष्काळ नव्हे. बाजारात विकणारा आणि घेणारा ह्यांचे हित एक असू शकते. शर्यतीत पहिला येणे एकालाच शक्य असते, आणि हे दोघांनीही पत्करलेले असते. आदल्या दिवशी तंगड्या तोडीत वाट पाहून येणे हाही शर्यतीच्या तयारीचाच भाग नाही काय? जो पहाटे उठून सराव करतो त्याच्या सरावाचे फळ त्याचे. मग जो संध्याकाळ खर्ची घालून चिखल पाहून येतो त्याच्या पाहण्याचे फळ त्याचे का नसावे? हा आक्षेप मला कित्येक दिवस निरुत्तर करीत होता. त्याचे उत्तर मला ग्रंथांत सापडले नाही, खासबागेत सापडले.

खासबाग मैदान आमच्या पेठेच्या कडेलाच आहे. शाहू महाराजांनी बांधविलेले हे कुस्तीचे मैदान 1912 साली पुरे झाले. रोमचे जुने क्रीडागार पाहून महाराजांना ते सुचले असे सांगतात. चहूकडून उतरत आलेल्या बैठकी, आणि मधोमध हौदा. त्या हौद्यातील तांबडी माती चाळून, तीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून कमावलेली असते. ज्याने ह्या मातीतील कुस्ती पाहिली आहे त्याने एक गोष्ट पाहिलीच असेल, जरी तिच्याकडे लक्ष गेले नसेल. दोघे मल्ल समोरासमोर येतात, सलामी देतात, खाली वाकून मूठभर माती उचलतात, आणि ती स्वतःच्या अंगास लावून समोरच्याच्याही अंगावर टाकतात. अंग घामाने किंवा तेलाने निसरडे असले तर पकड बसत नाही; मातीने ती बसते. म्हणजे ज्याला आपण आता चीत करणार आहोत, त्याच्या हाताला आपल्या अंगावर पकड मिळावी एवढी तजवीज आपणच आधी करून घ्यावयाची. मातीच्या बाबतीत समोरच्याला तोटा नको. डाव मात्र कोणी कोणाला सांगत नाही. कोणता डाव टाकावयाचा हे दोघांपैकी प्रत्येकाच्या पोटात असते, आणि वस्तादही एखादा डाव हातचा राखून ठेवतो म्हणतात. त्यात कोणास अनीती वाटत नाही.

ह्या दोन गोष्टींतील भेद आमच्या तालमीतील पोरांना कोणी शिकवावा लागत नाही. माती दोघांची, डाव ज्याचा त्याचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान ह्या शब्दाचा अर्थ शंकराचार्य शरीर असा करतात. टिळकांनी ‘गीतारहस्या’त तो स्थान असा घेतला आहे. प्रस्तुत विषयापुरता मला टिळकांचा अर्थ अधिक उपयोगी वाटतो. स्वार हा कर्ता, टायर हे करण, पायांचा जोर ही चेष्टा, रात्रीचा पाऊस हे दैव, आणि पाणंद हे अधिष्ठान. करण आणि चेष्टा प्रत्येकाची निराळी असावी ह्यासाठीच शर्यत असते. अधिष्ठान एकच असावे ह्यावाचून ती शर्यतच होत नाही. दोघांची पाणंद एकच होती हे खरे. परंतु जो ती पाहून आला त्याची पाणंद काळी होती, आणि ज्याला “मुरूम बसलाय” म्हणून सांगण्यात आले त्याची तांबडी. टायर चढवितेवेळी ते दोघे दोन निराळ्या वाटांसाठी टायर चढवीत होते. मग दुसऱ्या दिवशी कोण पुढे गेला ह्यावरून टायर ओळखण्यात कोण शहाणा, हे कसे ठरणार?

साधनाचे ज्ञान हे मालकीचे होऊ शकते हे जगाने मानलेलेही आहे. हवेच्या टायरची युक्ती डनलॉप ह्याने 1888 साली बेलफास्टमध्ये काढली आणि तिचे पेटंट घेतले. पुढे ते रद्द झाले, कारण टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने तीच युक्ती 1845 मध्येच नोंदवून ठेवलेली आढळली. युक्ती कोणाची ह्यावर वाद होऊ शकतो. अमुक ओढ्याकाठी चिखल झाला आहे ह्या गोष्टीचे पेटंट मागावयास मात्र अद्याप कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

युरोपात चिखलातील सायकलशर्यतींची जी जुनी परंपरा आहे, जिला सायक्लोक्रॉस म्हणतात, तिने हा भेद नियमांतच घालून ठेवला आहे. तेथे शर्यतीपूर्वी वाट सर्वांना फिरून पाहण्यास मोकळी असते. आंतरराष्ट्रीय शर्यतींत टायरची रुंदी 33 मिलिमीटरांहून अधिक चालत नाही, आणि टायरला खिळे ठोकता येत नाहीत. वाटेवर ठरविलेल्या जागी सायकल बदलून घेण्याची मुभा असते. ह्या नियमांमुळे तेथे चिखलाची वार्ता लपविण्याचा मोहच कोणास पडत नाही. लपविण्यासारखे काही उरलेलेच नसते. टायर कोणता आणि त्यात हवा किती, हे मात्र तेथील स्वार शेवटच्या घटकेपर्यंत झाकून ठेवतात असे म्हणतात, आणि खुशाल ठेवोत.

ग्रॅव्हलच्या शर्यतींना इतके नियम नाहीत. अमेरिकेत कॅन्ससमधील एम्पोरिया गावाहून सुटणारी 200 मैलांची ‘अनबाउंड’ ही त्यांतील सर्वांत नामांकित शर्यत. 2023 सालच्या जूनमध्ये तेथे सुरुवातीच्याच टप्प्यात चिकट मातीची एक वाट लागली, आणि जगातील उत्तमोत्तम स्वारांच्या चाकांची तीच गत झाली जी आमच्या सुताराच्या मुलाच्या चाकाची झाली. कित्येकांनी सायकली खांद्यावर घेतल्या, कित्येकांचे गिअर मोडले. तेथे टायरच्या निवडीपेक्षा चिमट्यातील फट, काठीने चिखल खरवडून काढण्याचा धीर, आणि वेळीच उतरून चालू लागण्याचे शहाणपण ह्यांनी अधिक काम केले. परंतु त्या चिखलात शेकडो लोक एकदमच शिरले, आणि तो कोणी कोणापासून लपविलेला नव्हता. म्हणून त्या दिवशी मागे पडलेला मनुष्य आपल्या नशिबाला किंवा आपल्या निवडीला बोल लावू शकत होता. सुताराच्या मुलाला तेवढेही समाधान नाही. आपण निवड चुकलो अशी त्याची समजूत आहे, आणि ती समजूत खोटी आहे. मला वाटते, त्याचे जे नुकसान झाले त्यात मोडलेला गिअर ही लहान बाब आहे. भरून येण्यास दोन महिने लागतील इतकेच. आपल्या विचारशक्तीविषयीचा एक खोटा पुरावा त्याच्या पदरात पडला, हे अधिक वाईट.

हेच दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. माझ्या शेजाऱ्याच्या मुलास तिसरे बक्षीस मिळाले, आणि ते त्याला कशाबद्दल मिळाले हे त्याला सांगता येत नाही. तो दोन दिवस अस्वस्थ होऊन माझ्याकडे आला त्याचे कारण पापभीरुता असेल, पण तेवढेच नसावे. सुताराच्या मुलाने उंच दातांचे टायर लावले असते तर आपण त्याच्या पुढे गेलो असतो काय, हे त्याला आता कधीच कळणार नाही. ज्या गोष्टीसाठी त्याने वर्षभर घाम गाळला ती गोष्ट त्याने चार शब्दांत स्वतःच हातची घालविली.

येथे कोणी म्हणेल की, अशी वार्ता देण्याचे कर्तव्य शर्यत भरविणाऱ्यांचे आहे, स्पर्धकांचे नव्हे. मान्य. त्यांनी वाट दाखवावी, पावसाची सूचना द्यावी. परंतु आपल्याकडील लहान शर्यतींत हे कोणी करीत नाही, आणि ज्यांची परिस्थिती बरी आहे तेच आदल्या दिवशी कामधंदा सोडून वाट पाहण्यास जाऊ शकतात. सुताराच्या मुलाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रंधा सोडता आला नव्हता. जेथे संस्थेने करावयाचे काम संस्था करीत नाही, तेथे ते शेजाऱ्यांवर येऊन पडते. गल्लीत नळाला पाणी आले की पहिला उठणारा चार घरे हाका मारीत जातो, तो काही नगरपालिकेचा नोकर नसतो. आणि दोघांपैकी एकालाच वाट माहीत असण्याचे कारण श्रम नसून सवड हे असेल, तर श्रमाच्या फळाची भाषा तेथे फारशी लागू पडत नाही. ज्याच्याजवळ एकच जोड टायर आहे त्याचा विचार तर मी येथे केलेलाच नाही. त्याला चिखलाची वार्ता सांगूनही निवड नाही. थोडी हवा सोडावी, इतकेच त्याच्या हाती.

ओळखीची जमीन नसणे म्हणजे काय हे कोल्हापूरने एकदा फार मोठ्या प्रसंगी अनुभवलेले आहे. येथल्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले, येथल्या मातीत तयार झालेले खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गेले तेव्हा ज्या गादीवर त्यांना लढावयाचे होते ती त्यांच्या पायांना परकी होती. ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. मधल्या चार वर्षांत त्यांचे बळ वाढले असेल. पण पायाखाली काय येणार आहे हेही त्यांना आता ठाऊक होते. 1948 च्या त्यांच्या सहाव्या क्रमांकाकडे पाहून त्यांच्या कुस्तीस उणे म्हणणारा मनुष्य जी चूक करील तीच चूक आमच्या पेठेतील दुकानात बसून मंडळी सुताराच्या मुलाविषयी गेले आठ महिने करीत आहेत: “पोराला जोर हाय, पण टायर कळत न्हाई.” हे वाक्य माझ्यासमोर दोनदा बोलले गेले, आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो. माझ्या ‘नाही’ ह्या उत्तराचा हा उरलेला भाग आहे, आणि त्याची जबाबदारी आता मुलावर टाकता येणार नाही.

मी शेजाऱ्याच्या मुलाला पुनः बोलावून माझे उत्तर मागे घेतले. शब्द खरे असले तरी त्याने विचारणाऱ्याला फसविले, आणि नुसते गप्प राहिला असता तरी शेजारी म्हणून चुकलाच असता, असे मी त्याला सांगितले. टायर कोणते लावणार ते मात्र सांगण्याचे त्याला कारण नव्हते, हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले. “मग आता त्याला सांगू काय?” असे त्याने विचारले, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी टाळले, एकदा घाईने उत्तर देऊन पाहिलेले होते. त्याने सांगितले किंवा नाही हे मला माहीत नाही.

परवा वळीव झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून कळंब्याच्या बाजूने पेठेत येताना मला दिसले. पुढच्या रविवारी तिकडे एक लहानशी शर्यत आहे असे समजते. दुकानापाशी येताच सुताराचा मुलगा सायकल न टेकता तसाच आपल्या गल्लीकडे वळला. ह्याने त्याला हाक मारून विचारले, “कुठला जोड लावणार रं?” त्याने मागे वळून न पाहता हात हलविला आणि घरात जाऊन दार लावून घेतले.